गुठळी होते, पण टिकते का?

बोट कापले की रक्त येते, थोड्या वेळाने ते थांबते आणि पुढे तेथे खपली धरते. रक्त गोठण्याचा धडा शिकवताना आपण बहुधा येथपर्यंत येऊन थांबतो. रक्तातील फायब्रिनोजेनचे फायब्रिन होते, फायब्रिनच्या जाळ्यात रक्तपेशी अडकतात आणि गुठळी तयार होते. फळ्यावरची आकृती पूर्ण होते, तास संपतो. पण वर्गातली एखादी चौकस मुलगी पुढचा प्रश्न विचारू शकते : "मग त्या गुठळीचे पुढे काय होते?"

प्रश्न साधा आहे, पण त्याच्या उत्तरावर अनेकांचे प्राण अवलंबून असतात. या लेखात आम्ही या प्रश्नाचा पाठपुरावा करणार आहोत. उदाहरण म्हणून गुडघ्याचे सांधेरोपण घेऊ. झिजलेल्या गुडघ्याच्या जागी धातू आणि प्लास्टिकचा सांधा बसवण्याची ही शस्त्रक्रिया आता शहरांतून नेहमीची झाली आहे. आपल्या ओळखीत, नात्यात कोणाची तरी झालेली असतेच. शस्त्रक्रिया उत्तम होते, टाके घातले जातात, जखम बंद होते, आणि तरीही पुढचे कित्येक तास आतल्या आत रक्तस्राव चालू राहतो. रक्तात कोणताही दोष नसताना असे का व्हावे?

न दिसणारा रक्तस्राव

प्रथम थोडे गणित करू. सुमारे ६० किलो वजनाच्या स्त्रीच्या शरीरात अंदाजे ४ लिटर रक्त असते. शस्त्रक्रियेपूर्वी तिचे हिमोग्लोबिन दर १०० मिलिलिटरला १२ ग्रॅम होते असे समजा. म्हणजे तिच्या सगळ्या रक्तात मिळून ४८० ग्रॅम हिमोग्लोबिन होते. तिसऱ्या दिवशी तपासणीत ते ९ ग्रॅम आले. या काळात तिला बाहेरून रक्त दिलेले नाही. रक्तातील पाण्याचा भाग शरीर लवकर भरून काढते, सलाइनचीही भर पडते. त्यामुळे रक्ताचे एकूण आकारमान पुन्हा ४ लिटर झालेले असते. पण तांबड्या पेशी इतक्या लवकर तयार होत नाहीत. आता शरीरातील हिमोग्लोबिन ३६० ग्रॅम आहे. म्हणजे १२० ग्रॅम गेले, आणि तेवढे हिमोग्लोबिन मूळच्या १ लिटर रक्तात होते.

समजा, शस्त्रक्रियेच्या वेळी टिपलेले आणि नंतर जखमेतील नळीवाटे बाटलीत जमा झालेले रक्त मिळून ५०० मिलिलिटर भरले. मग उरलेले अर्धा लिटर गेले कोठे? ते शरीराबाहेर गेलेच नाही. सांध्याच्या पोकळीत आणि मांडीच्या स्नायूंमध्ये ते झिरपले. शस्त्रक्रियेनंतर पाय सुजतो आणि काही दिवस काळानिळा, मग हिरवट-पिवळा दिसतो, याचे एक कारण हेच. रक्ताभिसरणाच्या हिशेबात मात्र हे रक्त गेलेलेच असते. त्याला वैद्यकात 'छुपा रक्तस्राव' म्हणतात.

इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथील शल्यचिकित्सकांनी २००४ साली असाच हिशेब प्रसिद्ध केला. त्यांच्या गुडघेरोपणाच्या रुग्णांत सरासरी सुमारे दीड लिटर रक्त गेले होते, आणि त्यातले जवळजवळ निम्मे छुपे होते. रक्ताची एक पिशवी साधारण ३५० किंवा ४५० मिलिलिटरची असते हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्यांचा अर्थ कळतो. ज्यांना हे शस्त्रक्रियेचे दुखणे सोसायचे असते ते बहुतेक साठीच्या पुढचे असतात. अशा वयात एवढे रक्त जाणे हृदयाला आणि मूत्रपिंडांना सहज पेलत नाही.

बांधणारे कारागीर

आता गुठळी कशी बांधली जाते ते थोडक्यात उजळून घेऊ. रक्तवाहिनी फाटली की तिच्या भिंतीतील कोलॅजन उघडे पडते. रक्तबिंबिका म्हणजेच प्लेटलेट्स त्याला येऊन चिकटतात आणि भोकाला कच्चे बूच बसते. त्याच वेळी जखमी ऊतकातील एका प्रथिनाचा रक्ताशी संबंध येऊन विकरांची म्हणजे एन्झाइमांची साखळी सुरू होते. एक विकर दुसऱ्याला जागे करते, दुसरे तिसऱ्याला. साखळीच्या शेवटी थ्रॉम्बिन तयार होते. थ्रॉम्बिन हे विरघळलेल्या फायब्रिनोजेनचे लहानसे तुकडे छाटते, आणि उरलेले रेणू एकमेकांना जोडले जाऊन फायब्रिनचे धागे बनतात. पुढे आणखी एक घटक या धाग्यांना आडवे टाके घालून जाळे पक्के करतो.

ही बांधणीच फसली तर काय होते, हे आपल्या ग्रामीण भागातील डॉक्टरांना चांगले ठाऊक आहे. फुरसे किंवा घोणस चावल्यावर विषामुळे रक्तातील फायब्रिनोजेन खर्च होऊन जाते. अशा रुग्णाचे थोडे रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घेऊन २० मिनिटे न हलवता ठेवतात. नंतर नळी तिरपी केली तर रक्त पाण्यासारखे वाहते. तेथे गुठळी होतच नाही.

सांधेरोपणाच्या रुग्णाची गोष्ट वेगळी आहे. त्याचे रक्त नळीत ठेवले तर व्यवस्थित गोठेल. गुठळी होते, पण जेथे ती हवी आहे तेथे ती टिकत नाही. गुठळी 'न होणे' आणि 'न टिकणे' या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आमच्या मते शिकवताना नेमका हाच फरक निसटतो.

मोडणारे कारागीर

गुठळी हा कायमचा बांध नव्हे. इमारत उभी राहीपर्यंत बांबूची परांची लागते आणि काम संपले की ती उतरवावी लागते. तसेच हे आहे. रक्तवाहिनी सांधली गेल्यावरही गुठळ्या तशाच राहिल्या, तर रक्ताचे मार्ग तुंबून जातील. म्हणून रक्तात मोडणाऱ्यांचीही सोय असते. फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ आल्बेर दास्त्र याने १८९३ साली फायब्रिन विरघळण्याच्या या क्रियेला 'फायब्रिनोलिसिस' असे नाव दिले.

ही क्रिया किती जोरदार असू शकते याचा एक विलक्षण दाखला मॉस्कोत मिळाला. सर्गेई युदिन या शल्यचिकित्सकाने १९३० साली अचानक मृत्यू आलेल्या माणसाचे रक्त काढून ते जिवंत रुग्णाला दिले. पुढे त्याच्या रुग्णालयात या पद्धतीचा बराच वापर झाला. हे शक्य झाले, कारण अचानक मेलेल्या माणसाचे रक्त आधी गोठते आणि काही तासांत आपोआप पुन्हा पातळ होते. गुठळी मोडणारे विकर तेथे मोकाट सुटलेले असते.

या विकराचे नाव प्लाझ्मिन. ते एरवी रक्तात प्लाझ्मिनोजेन या निष्क्रिय रूपात फिरत असते. प्लाझ्मिनोजेन मुख्यतः यकृतात तयार होते. त्याला जागे करणारे प्रथिन रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरातून सुटते. त्याला 'टी-पीए' म्हणतात. पण एक अडचण आहे. प्लाझ्मिन ही धारदार कात्री आहे. ती रक्तात मोकळी फिरू लागली तर इतर प्रथिनांचीही कापाकाप करील. म्हणून मोकळ्या प्लाझ्मिनला पकडून निकामी करणारे एक प्रथिन रक्तात सदैव हजर असते. गुठळीवर बसलेले प्लाझ्मिन मात्र त्याच्या तावडीत सहसा सापडत नाही. म्हणजे कात्री चालायची असेल तर तिने आधी गुठळीला धरून बसले पाहिजे.

हे धरणे कसे होते? फायब्रिनच्या धाग्यांवर लायसिन या अमिनो आम्लाची टोके असतात. प्लाझ्मिनोजेनच्या रेणूवर पाच वेटोळी असून त्यांतल्या खाचांत लायसिन नेमके बसते. या वेटोळ्यांना 'क्रिंगल' म्हणतात. स्कँडिनेव्हियातील त्याच नावाच्या गाठीदार पावावरून हे नाव पडले. शोध आपल्याकडे लागता तर कदाचित जिलबीचे नाव मिळाले असते! क्रिंगलने लायसिन पकडले की प्लाझ्मिनोजेन जागेवर बसते, शेजारी बसलेले टी-पीए त्याचे प्लाझ्मिन करते आणि धागे तुटू लागतात. तुटलेल्या जाळ्याच्या तुकड्यांपैकी एक म्हणजे 'डी-डायमर'. २०२० नंतर कोविडच्या साथीत हा शब्द घरोघरी पोचला. तो वाढला याचा अर्थ इतकाच, की शरीरात कोठेतरी गुठळ्या झाल्या आहेत आणि मोडतही आहेत. सांधेरोपणानंतर तो वाढलेला आढळतोच.

सांध्यातच असे का?

आता आपण मूळ प्रश्नाकडे वळू. गुडघेरोपणात मांडीच्या आणि नडगीच्या हाडांची टोके कापून त्यांना नव्या भागांचा आकार देतात. हाडाच्या टोकाचा भाग स्पंजसारखा सच्छिद्र असतो. स्नायूतली रक्तवाहिनी बांधता येते किंवा विजेच्या चटक्याने बंद करता येते. स्पंजाच्या हजारो छिद्रांना गाठ कशी मारणार? तेथे भिस्त गुठळीवरच असते.

शिवाय पुष्कळदा मांडीला हवा भरलेला पट्टा आवळून शस्त्रक्रिया करतात, म्हणजे कापताना रक्त येत नाही. परंतु रक्त अडून राहिल्यामुळे त्या पायातील रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून टी-पीए सुटते. शस्त्रक्रियेची इजाही हेच करते. पट्टा सोडला की रक्ताचा लोंढा येतो आणि नव्या, कोवळ्या गुठळ्यांवर कात्र्या लगेच चालू लागतात. परांची बांधून होण्याआधीच ती उतरवणारे हजर होतात, असा हा प्रकार.

ही स्थिती कायम राहत नाही. पहिल्या काही तासांचा जोर ओसरला की टी-पीएला आवर घालणारे प्रथिन रक्तात वाढते आणि साधारण दुसऱ्या दिवसापर्यंत मोडण्याचे काम बरेच मंदावते. आता धोका उलट बाजूचा असतो. पायाच्या खोल शिरांत नको असलेली गुठळी होऊ शकते, आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर जीव धोक्यात येतो. म्हणूनच रुग्णाला लवकर चालवतात आणि बहुतेकांना गुठळीविरोधी औषध देतात. एकाच रुग्णात आज गुठळी टिकावी म्हणून प्रयत्न आणि उद्या ती होऊ नये म्हणून प्रयत्न. यात विसंगती नाही. तराजूचे पारडे दोन दिवसांत फिरलेले असते.

कात्रीची मूठ अडवणारा रेणू

पहिल्या काही तासांपुरती ही कात्री थोपवता आली तर? असा रेणू सांधेरोपण रुळण्याच्या आधीच शोधला गेला होता, आणि तोही अगदी वेगळ्या हेतूने.

दुसऱ्या महायुद्धानंतर जपान उद्ध्वस्त झाला होता. तोक्योमध्ये शोसुके आणि उताको ओकामोतो हे संशोधक पतिपत्नी काम करीत होते. प्रयोगशाळेत साधनांची वानवा होती. त्यांनी रक्ताचा विषय निवडला, त्यामागे एक व्यावहारिक कारण होते : नमुने कमी पडले तर स्वतःचे रक्त वापरता येईल! तान्ह्या मुलीला सांभाळायला कोणी नसल्यामुळे उताको तिला पाठीशी बांधून प्रयोगशाळेत काम करीत. बाळंतपणात अतिरक्तस्रावाने मरणाऱ्या स्त्रियांसाठी औषध शोधावे ही त्यांची इच्छा होती.

प्लाझ्मिनला लायसिन लागते हे लक्षात घेऊन त्यांनी लायसिनसारखे दिसणारे रेणू तपासले. लायसिनच्या रेणूत दोन अमिनो गट आणि एक आम्ल गट असतो. दोनपैकी एक अमिनो गट काढून टाकला की अमिनोकॅप्रॉइक आम्ल मिळते. ते लायसिनच्या खाचेत बसून प्लाझ्मिनला अडवते, असे १९५० च्या दशकात त्यांना आढळले. पण त्याची मात्रा फार मोठी लागे. या रेणूची साखळी लवचीक असते, ती कशीही वळते. मग त्यांनी मधल्या भागात सहा कार्बनांचे कडे असलेला रेणू घेतला. कड्यामुळे रेणूची दोन्ही टोके ठरावीक अंतरावर ताठ राहतात आणि खाचेत घट्ट बसतात. तो कितीतरी पट प्रभावी ठरला. १९६२ साली त्यांनी ही माहिती प्रसिद्ध केली. या रेणूच्या सिस आणि ट्रान्स अशा दोन रूपांपैकी ट्रान्स रूप गुणकारी आहे हे पुढे स्पष्ट झाले. त्यावरून औषधाचे नाव पडले ट्रानेक्झामिक आम्ल.

हे औषध रक्त 'गोठवत' नाही. नवी गुठळी तयार करणे हे त्याचे काम नव्हेच. प्लाझ्मिनोजेनच्या खाचा ते आधीच भरून टाकते, त्यामुळे कात्रीला गुठळी धरता येत नाही. झालेली गुठळी टिकते, इतकेच.

उशिरा पोचलेले उत्तर

त्याच १९६२ साली इंग्लंडमध्ये जॉन चार्नली यांनी आधुनिक पद्धतीच्या खुब्याच्या सांधेरोपणाला सुरुवात केली, हा योगायोग. दोन्ही धागे एकत्र यायला मात्र तीस वर्षे लागली. स्वीडनमधील माल्मो येथे गुडघेरोपणाच्या ८६ रुग्णांवर एक चाचणी झाली. काहींना पट्टा सोडण्याच्या थोडे आधी व पुन्हा तीन तासांनी ट्रानेक्झामिक आम्ल टोचले, इतरांना तसेच दिसणारे औषधविरहित द्रावण. कोणाला काय दिले हे रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही ठाऊक नव्हते. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत औषध मिळालेल्यांचा रक्तस्राव सरासरी सुमारे ७३० मिलिलिटर, तर इतरांचा सुमारे १४१० मिलिलिटर भरला. जवळजवळ निम्मा! बाहेरचे रक्तही कमी लोकांना द्यावे लागले. त्यानंतर अनेक देशांत अशा चाचण्या झाल्या आणि निष्कर्ष त्याच दिशेचे आले. २०१८ साली अमेरिकेतील पाच वैद्यकीय संघटनांनी मिळून सांधेरोपणात या औषधाच्या वापराची शिफारस केली.

अपघाती जखमींवरील मोठी चाचणी २०१० साली पूर्ण झाली. भारतासह ४० देशांतील २०,२११ रुग्ण तीत होते. औषध मिळालेल्यांत मृत्यूचे प्रमाण १४.५ टक्के, इतरांत १६ टक्के होते. फरक लहान वाटेल, पण दर हजारी तो १५ माणसांचा आहे. पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने हे औषध अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले.

आणि बाळंतिणी? उताकोंचा मूळ प्रश्न सर्वांत शेवटी हाती घेतला गेला. २१ देशांतील २०,०६० स्त्रियांवरील चाचणीचे निष्कर्ष २०१७ साली आले : प्रसूतीनंतर तीन तासांच्या आत औषध दिल्यास रक्तस्रावाने होणारे मृत्यू कमी होतात. उताको ओकामोतो त्याच्या आदल्या वर्षी, २०१६ मध्ये, ९८ व्या वर्षी वारल्या होत्या. रेणू स्वस्त होता, माहीत होता, बाजारातही होता. योग्य प्रश्न विचारून काटेकोर चाचणी करायला पन्नासहून अधिक वर्षे गेली.

मर्यादा

एवढे वाचून हे औषध म्हणजे प्रत्येक रक्तस्रावावरचा रामबाण उपाय, असा समज होऊ नये. जखमींच्या चाचणीत असे दिसले की इजेनंतर तीन तासांनी ते दिले तर फायदा नाहीच, उलट अपाय संभवतो. पचनमार्गातील रक्तस्रावाच्या सुमारे १२,००० रुग्णांवरील चाचणीत, जिचे निष्कर्ष २०२० साली आले, मृत्यू कमी झाले नाहीत. शिरांतील गुठळ्या आणि झटके मात्र थोडे वाढले. औषध बहुतांशी लघवीवाटे बाहेर पडते, त्यामुळे मूत्रपिंडे अधू असलेल्यांना मात्रा कमी करावी लागते. कधी द्यायचे, किती द्यायचे आणि कोणाला नाही हे डॉक्टरांनीच ठरवायचे असते. गुठळी कोठे आहे आणि तराजू कोणत्या बाजूला झुकला आहे, यावर सारे अवलंबून आहे.

वर्गात करून पाहा

ही सगळी यंत्रणा मुलांना खेळातून समजते. दहा-बारा मुलांनी हात धरून साखळी करावी. ही फायब्रिनची साखळी. प्रत्येकाच्या खांद्यावर एक रुमाल ठेवावा, हे लायसिन. तीन मुले 'कात्री' होतील. नियम असा, की कात्रीने डाव्या हाताने रुमाल धरायचा आणि उजव्या हाताने त्या मुलाचा शेजाऱ्याशी जोडलेला हात सोडवायचा. रुमाल धरल्याशिवाय हात सोडवता येणार नाही. एका मिनिटात साखळीचे किती तुकडे झाले ते मोजा.

पुन्हा साखळी करा. या वेळी खेळ सुरू होण्याआधीच तिन्ही कात्र्यांच्या डाव्या मुठीत एकेक सुटा रुमाल द्या आणि तो टाकायचा नाही असे सांगा. कात्र्या साखळीभोवती फिरत राहतील, पण कोणालाच धरू शकणार नाहीत. तिसऱ्या फेरीत हे सुटे रुमाल अर्ध्या मिनिटाने द्या. साखळी तोवर तुटलेली असेल, आणि औषधाला वेळेची अट का आहे ते कोणी न सांगताही मुलांच्या लक्षात येईल.

या खेळासाठी कोणाचे बोट टोचून रक्त काढण्याची गरज नाही, आणि तसे वर्गात करूही नये. खेळ संपल्यावर मुलांना दोन प्रश्न द्यावेत. रक्तात कात्र्या मुळीच नसत्या तर शरीराचे काय झाले असते? आणि हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णाला गुठळी विरघळवणारे औषध देतात, तर सांधेरोपणाच्या रुग्णाला गुठळी टिकवणारे. दोन्ही उपचार बरोबर कसे? या दोन प्रश्नांची उत्तरे मुलांनी आपल्या शब्दांत दिली, तर रक्त गोठण्याचा धडा पूर्ण झाला असे समजायला आमची हरकत नाही.